आओमोरीचा हिवाळा: भरपूर बर्फाच्या शहरात जानेवारी-फेब्रुवारीत जाणाऱ्यांसाठी

शेकोटी

जपानमधला बर्फ म्हटलं की सगळे सप्पोरोचं नाव घेतात. हा धागा आओमोरीसाठी आहे. होन्शू बेटाच्या उत्तर टोकाला, मुत्सू उपसागराच्या काठावर वसलेलं हे शहर. वस्ती अडीच लाखांहून जास्त. एवढ्या वस्तीच्या शहरात इतका बर्फ जगात क्वचितच कुठे पडतो.

आधी आकडे समजून घ्या, कारण तिथेच गैरसमज होतात. शहरात एका हिवाळ्यात सरासरी साडेपाच मीटरहून जास्त बर्फ पडतो. ही रोज पडलेल्या बर्फाची बेरीज आहे. खालचा थर दबत आणि वितळत जातो, त्यामुळे जमिनीवर एका वेळी साधारण मीटरभर साचलेला दिसतो, तोही फेब्रुवारीत. शहरातला विक्रमी थर 209 सेंमी, फेब्रुवारी 1945 मधला. दक्षिणेच्या हाक्कोदा डोंगरात सुकायु नावाचं गरम पाण्याच्या झऱ्यांचं ठिकाण आहे. तिथे 26 फेब्रुवारी 2013 ला 566 सेंमी थर मोजला गेला होता.

सैबेरियाहून निघालेला कोरडा, गार वारा जपानच्या समुद्रावरून येतो. त्या समुद्रात त्सुशिमा नावाचा उबदार प्रवाह आहे. वारा त्याच्यावरून बाष्प उचलतो आणि डोंगराला अडला की सगळं खाली टाकतो. आंबोलीला पाऊस कोसळतो त्यामागचं गणित तेच, फक्त इथे थेंबांऐवजी बर्फ.

आता मुद्द्याचं. जानेवारीचं सरासरी तापमान शून्याच्या जरासंच खाली असतं. दुपारी 1-2 अंश वर, रात्री उणे 3-4. म्हणजे बर्फ दिवसा थोडा वितळतो, रात्री पुन्हा गोठतो, आणि सकाळी त्यावर नवा पडतो. या शहरात माणसाला त्रास होतो तो ओल्या पायांचा आणि पाय घसरण्याचा. थंडी त्यानंतर येते. मनालीला नेतो ती लोकरीची तयारी इथे अर्धीच उपयोगाची. कोकणातल्या जुलैची तयारी करा आणि तिच्यावर थंडीचे कपडे चढवा.

मुक्काम किमान 4 रात्रींचा ठेवा. एक दिवस हवामान खाणार हे धरूनच चाला.

समुद्रफेणी

छान धागा. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात चौघं जायचं ठरतंय. त्यात 68 वर्षांच्या सासूबाई आहेत, त्या पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. प्रश्न असे: ट्रेकिंगचे बूट चालतील का? गाडी भाड्याने घ्यावी का? आणि सासूबाईंना गरम पाण्याच्या कुंडात जाता येईल का?

शेकोटी

बुटांपासून सुरू करते, कारण त्यावर अख्खी सहल अवलंबून आहे.

आपल्याकडचे बरेचसे ट्रेकिंग बूट खडकासाठी बनवलेले असतात. त्यांच्या तळव्याचं रबर थंडीत आणखी कडक होतं आणि दाबलेल्या बर्फावर पाटीवरून सरकावं तसं सरकतं. तिथले लोक गुडघ्याच्या खालपर्यंत येणारे गमबूट घालतात. आतून अस्तर, तळव्याचं रबर मऊ. उंची किमान 25 सेंमी हवी. रस्ता ओलांडताना फुटपाथच्या कडेला बर्फ आणि पाण्याचा लगदा साठतो. वरून तो पांढरा आणि घट्ट दिसतो, पाय ठेवला की घोट्याच्या वर पाणी. आखूड बूट इथेच भरतात.

आओमोरीत पोचल्यावर घेणं उत्तम, पण माप आधी बघा. जपानमध्ये बुटाचं माप पावलाच्या लांबीवर, सेंटिमीटरमध्ये असतं. पुरुषांना 28 आणि बायकांना 25 च्या वर लागत असेल तर छोट्या शहरात पर्याय कमी मिळतात, मग टोकियोतच घ्या. जाड मोज्यांसाठी नेहमीपेक्षा अर्धा सेंटिमीटर मोठं.

बुटावर चढवायचे खिळ्यांचे रबरी पट्टे मिळतात. सासूबाईंसाठी ते घ्याच. फक्त एक लक्षात ठेवा: स्टेशनच्या, दुकानाच्या, हॉटेलच्या गुळगुळीत फरशीवर तेच खिळे घसरतात. दारात आलं की काढायचे, बाहेर पडताना पुन्हा घालायचे. म्हणून हातमोजे घालूनही एका हाताने निघतील असे निवडा.

चालायची पद्धत: पाऊल लहान, तळवा सपाट टेकवायचा, वजन किंचित पुढे, हात खिशाबाहेर. टाच आधी टेकवली की पाय पुढे निसटतो आणि माणूस पाठीवर पडतो. सगळ्यात फसव्या जागा म्हणजे झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे, लोखंडी झाकणं, दुकानाच्या दारातली ओली फरशी, आणि गरम केलेला फुटपाथ जिथे संपतो ती कड. शहरात काही फुटपाथखाली गरम करायची सोय आहे. तिथे कोरडी फरशी असते, पाय निर्धास्त होतात, आणि पुढच्याच पावलाला वितळून गोठलेली काच.

आणखी एक. छपराच्या कडेखालून चालू नका. वर साठलेला बर्फ एकदम घसरून येतो, आणि त्याच्या आधी काही इशारा मिळतोच असं नाही.

निळासूर

वरच्यात भर. मोजे लोकरीचे, सुती अजिबात नको. सुती मोजा ओला झाला की वाळत नाही आणि पाय बधिर होतात. पाठीवरच्या पिशवीत एक कोरडा जोड कायम ठेवा. रात्री बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी बदला, सकाळी बूट कोरडे. हीटरपुढे ठेवले तर तळवा निघून येतो.

जीन्सही नको. छत्रीपेक्षा टोपीचं, पाणी न शिरणारं जाकीट बरं. वाऱ्यात छत्री उलटते आणि एक हात अडकून पडतो. आत पातळ थर घाला, कारण आगगाडी आणि दुकानं इतकी तापवलेली असतात की जाड स्वेटरात घाम फुटतो. तो घाम बाहेर आल्यावर गार होतो, आणि खरं आजारपण तिथून सुरू होतं. दारात शिरण्याआधी अंगावरचा बर्फ झटकून टाकायचा. हा शिष्टाचारही आहे आणि कोरडं राहण्याचा उपायही.

'काइरो' म्हणजे फोडल्यावर तापणाऱ्या पुड्या कुठल्याही दुकानात मिळतात. चिकटवायच्या आणि खिशात ठेवायच्या वेगळ्या. चिकटवायची कपड्यावर लावतात, कातडीवर कधीच नाही. तासनतास राहिली तर हळूहळू भाजतं आणि समजतही नाही. बुटात घालायची तिसरीच असते. बुटात हवा कमी असते, म्हणून ती तितक्यावर चालेल अशी बनवलेली असते. खिशातली बुटात घातली की तापत नाही आणि लोक म्हणतात पुडी खराब निघाली.

रूळमार्ग

प्रवासाचं लिहितो.

टोकियो ते शिन-आओमोरी, हायाबुसा गाडी (शिंकान्सेन, म्हणजे जपानच्या अतिजलद रेल्वेची), साधारण सव्वातीन तास, सगळ्यात जलद गाडीला तीनच्या आत-बाहेर. एका बाजूचं भाडं 2025 मध्ये साडेसतरा हजार येनच्या आसपास होतं. सगळ्या जागा आरक्षित असतात. परदेशी प्रवाशांसाठीच्या पासची किंमत अलीकडे बरीच वाढली आहे, त्यामुळे जाऊन-येऊन तिकिटाशी ताडून मगच घ्या. फक्त आओमोरी करायचं असेल तर फायदा नाममात्र. वाटेत सेंदाई, मोरिओका किंवा पुढे हिरोसाकी जोडलं तर पास वसूल होतो.

इथे एक चूक हमखास होते. टोकियोहून निघणाऱ्या बऱ्याच हायाबुसा गाड्यांना पुढे लाल रंगाची कोमाची गाडी जोडलेली असते. 1 ते 10 डबे हिरवे, ते आओमोरीकडे जातात. 11 ते 17 लाल, ते मोरिओकाला सुटून अकिताला जातात. दोन्हींच्या मधून चालत जाता येत नाही. घाईत जवळच्या दारातून चढू नका, तिकिटावरचा डबा क्रमांक बघा.

शिन-आओमोरी हे शहराचं मुख्य स्टेशन नव्हे. तिथून ओउ मार्गाच्या गाडीने एकच थांबा, 5-6 मिनिटं. पण या गाड्या वारंवार नाहीत, कधी अर्धा-पाऊण तास थांबावं लागतं, तेव्हा जोडगाडी बघूनच हायाबुसा निवडा. या लोकल गाडीचं दार आपोआप उघडत नाही. बाजूचं बटण दाबायचं. आत शिरल्यावर मागे कुणी नसेल तर 'बंद'चंही दाबायचं, नाहीतर सगळा डबा गार होतो.

सामानाबद्दल निक्षून सांगतो: चाकांची मोठी बॅग आओमोरीत आणू नका. चाकं बर्फात रुततात आणि बॅग नांगरासारखी ओढावी लागते. टोकियोत परत याच हॉटेलात येणार असाल तर मोठी बॅग तिथेच ठेवायला सांगा, बहुतेक हॉटेलं ठेवून घेतात. आणायचीच असेल तर 'ताक्क्युबिन' या सामान पोचवणाऱ्या सेवेने हॉटेलवर पाठवा. एरवी दुसऱ्या दिवशी पोचते, पण जोराचा बर्फ असेल तर एक दिवस जास्त धरा. औषधं, थर्मल आणि कोरडे मोजे स्वतःजवळ.

हॉटेल आओमोरी स्टेशनपासून चालत 5 मिनिटांच्या आत घ्या. नकाशावर 12 मिनिटं दिसणारं अंतर ताज्या बर्फात 25 मिनिटांचं होतं.

केळफूल

विमानाने गेलं तर? हानेदाहून सव्वा तासात पोचतात असं वाचलं.

रूळमार्ग

जाता येतं. आओमोरी विमानतळावरचं बर्फ हटवणारं पथक निष्णात आहे, 'व्हाइट इम्पल्स' या नावाने जपानभर माहीत आहे. धावपट्टीवर गाड्यांची तिरकी रांग करून ते अख्खी पट्टी साफ करतात. विमानतळावरून शहरात यायला बस आहे, साधारण 35 मिनिटं.

पण हिवाळ्यात 'जोकेन-त्सुकी' म्हणजे सशर्त उड्डाण हा शब्द ओळखीचा असू द्या. विमान निघतं, वर घिरट्या घालतं, आणि दिसेनासं झालं तर हानेदाला परत येतं किंवा दुसऱ्याच विमानतळावर उतरतं. अडचण बर्फाच्या थराची कमी आणि समोरचं न दिसण्याची जास्त असते. शिंकान्सेनला उशीर होतो, पण ती सहसा पोचते. हिवाळ्यात माझं मत रेल्वेच्याच बाजूने.

गोडलिंब

शाकाहाराचं. हा विषय तिथे खरंच अवघड आहे आणि गोड बोलून उपयोग नाही.

अडचण मांसाची नाही, 'दाशी'ची आहे. दाशी म्हणजे जवळपास प्रत्येक रश्शाचा, सॉसचा, लोणच्याचा पाया असलेलं पाणी. ते बहुधा सुकवलेल्या बोनिटो माशाचं असतं. आओमोरी ज्या त्सुगारू भागात येतं तिथे तर छोटे सुके मासे, 'निबोशी' आणि भाजलेले 'याकिबोशी', यांचा वापर जास्तच. तिथलं रामेन, म्हणजे रश्शातल्या नूडल्स, त्यावरच उभं आहे. त्यामुळे वर भाज्या दिसल्या तरी मिसोचं (आंबवलेल्या सोयाबीनचं) सूप, उदोन (जाड नूडल्स), आलं-मिसो लावून देतात ते ओदेन (रश्शात शिजवलेले तुकडे), सगळ्यात मासा असतो. ओदेनमधला मुळा आणि कोन्याकु (एका कंदाच्या पिठाच्या वड्या) त्याच रश्शात शिजलेले असतात. तोफूच्या पुडीत भरलेला गोड भात, 'इनारी', तोही दाशीत मुरवलेला. नुसतं 'मला भाज्या द्या' म्हणून भागत नाही.

सांगायचं असं: "निकु मो साकाना मो ताबेरारेमासेन. दाशी मो दामे देसु." म्हणजे मांस-मासे दोन्ही खाता येत नाहीत, दाशीही चालत नाही. सासूबाईंसाठी "तामागो मो" जोडा, म्हणजे अंडंही. हेच जपानीत छापून कागद जवळ ठेवा आणि जेवण मागवण्याआधी दाखवा. पारंपरिक मुक्कामाला, म्हणजे 'र्योकान'मध्ये, हे आरक्षण करतानाच कळवावं लागतं. संध्याकाळी पोचून सांगितलं तर काहीच करता येत नाही, कारण ताटं सकाळपासून ठरलेली असतात.

दुकानातून निर्धोक मिळणारं: फक्त मीठ लावलेला भाताचा गोळा 'शिओ-मुसुबी', साधा तोफू, उकडलेल्या सोयाबीनच्या शेंगा, भाजलेलं रताळं, केळी, दूध. 'पाक्कु गोहान' म्हणून शिजवलेल्या भाताचं बंद पाकीट मिळतं, 500 वॅटच्या मायक्रोवेव्हमध्ये 2 मिनिटं. त्यावर घरून नेलेलं मेतकूट किंवा डाळीची पाकीटबंद आमटी. हॉटेलच्या खोलीत किटली बहुधा असतेच, त्यामुळे तयार उपमा-पोह्यांची पाकिटं चालतात. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता आणि मांस असलेलं काहीही भारतातून नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात.

दह्यात, पुडिंगमध्ये आणि मऊ गोळ्यांत बऱ्याचदा जिलेटिन असतं. ब्रेडमध्ये कधी कधी डुकराची चरबी. फोनमध्ये छापील मजकूर वाचून भाषांतर करणारं ॲप ठेवा आणि प्रत्येक पाकीट उलटं करून बघा.

निळासूर

सफरचंद राहिलं की! जपानची निम्म्याहून जास्त सफरचंदं आओमोरी प्रांतात पिकतात. आपल्या बाजारात येणारी 'फुजी' जात याच प्रांतातल्या फुजिसाकी गावच्या संशोधन केंद्रात तयार झाली आणि 1962 मध्ये तिला नाव मिळालं. हिवाळ्यात साठवणीतली फुजी, ओरिन, मुत्सू मिळतात. ओरिन पिवळी आणि गोड. कापल्यावर मधोमध मधासारखा पारदर्शक डाग दिसला तर ते पिकून तयार झाल्याचं लक्षण, सडल्याचं नाही. स्टेशनजवळच्या 'ए-फॅक्टरी' या दुकानात सफरचंदाचा रस आणि सायडर आहेत. सायडर दोन्ही प्रकारची, दारूची आणि बिनदारूची, लेबल बघून घ्या.

मासे खाणाऱ्यांसाठी फुरुकावा बाजारातलं 'नोक्केदोन'. आधी कुपनांचं पान घ्यायचं, मग वाटीभर भात, आणि नंतर एकेका टपरीवर कुपन देऊन वर मासळी ठेवत जायची. स्कॅलप ही मुत्सू उपसागराची खासियत, ती सोडू नका. सकाळी 7 ला उघडतं, मंगळवारी बंद असतं. उशिरा गेलं की चांगलं संपलेलं असतं.

समुद्रफेणी

भाताचं आणि मेतकुटाचं वाचून सासूबाई खूश झाल्या. कुंडाबद्दल सांगाल का?

शेकोटी

सुकायुबद्दल सांगते, कारण तिथे जाणं होईलच.

आओमोरी स्टेशनवरून जेआर (जपान रेल्वे) बस, साधारण सव्वा तास. हिवाळ्यात फेऱ्या मोजक्या असतात, त्यामुळे परतीची वेळ आधी टिपून घ्या. सुट्टे येन जवळ ठेवा. सुकायुच्या पुढचा रस्ता नोव्हेंबरच्या अखेरीपासून 1 एप्रिलच्या सुमारापर्यंत बंद असतो, म्हणजे त्या बाजूने तोवादा सरोवराला जाता येत नाही. नकाशावर रस्ता दिसतो म्हणून बेत आखू नका.

तिथलं मोठं न्हाणीघर 'सेन्निन-बुरो', हजार माणसांचं. 160 तातामींच्या (जपानी चटयांच्या) क्षेत्रफळाचं एकच दालन, सगळं हिबा नावाच्या झाडाच्या लाकडाचं, मध्ये एकही खांब नाही. पाणी दुधाळ, गंधकाचं आणि चांगलंच आम्लधर्मी. आत स्त्री-पुरुष एकत्र असतात. पण सकाळी 8 ते 9 आणि रात्री 8 ते 9 फक्त बायकांसाठी राखीव. दिवसा येऊन परत जाणाऱ्यांना रात्रीची वेळ साधत नाही, म्हणून सासूबाईंसाठी तिथे एक रात्र राहणंच बरं. अंगावर घालायचं 'युआमिगी' नावाचं वस्त्र तिथे मिळतं. शिवाय स्त्री-पुरुषांची वेगळी छोटी न्हाणीही आहे.

पाण्यात उतरण्याआधी अंगावरचे दागिने काढून खोलीत ठेवा. गंधकाने चांदी काही मिनिटांत काळी पडते, आणि पायातली जोडवी लक्षातच राहत नाहीत. मंगळसूत्राच्या सोन्यात तांबं-चांदी मिसळलेली असते, तेही डागाळतं. जोडवी घट्ट असतील तर मुंबईतूनच सैल करून निघा, कारण थंडीतून आल्यावर बोटं सुजतात. पाणी डोळ्यात जाऊ देऊ नका, भयंकर झोंबतं.

आत जाण्याआधी अंगावर पाणी घेणं, छोटा टॉवेल पाण्यात न बुडवणं, केस वर बांधणं, हे सगळीकडचे नियम. पहिल्यांदा 5 मिनिटं पुरे. रक्तदाबाची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारून, आणि उठताना सावकाश. बाहेर येऊन लगेच पाणी प्या.

डोंगर नकोच असेल तर आसामुशी. शहरापासून लोकलने 20-25 मिनिटं, समुद्रकाठ, बायकांची न्हाणी वेगळी आणि पाणी सौम्य.

निळासूर

हाक्कोदाचा रोपवे त्याच बसच्या वाटेवर, सुकायुच्या आधी. वर साधारण 1,300 मीटर उंची, 10 मिनिटांचा प्रवास. बघायचं ते 'जुह्यो', बर्फाने मढलेली झाडं. ती बर्फ पडून बनत नाहीत. शून्याखाली जाऊनही न गोठलेले ढगातले बारीक थेंब वाऱ्याने फरच्या झाडांवर आदळतात आणि आदळताच गोठतात, त्यात बर्फाचे कण अडकत जातात. म्हणून ते वारा येतो त्या बाजूला वाढतात, कोळंबीच्या शेपटीसारखे. जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारी संपेपर्यंत सगळ्यात भरलेले.

यातच मेख आहे: ज्या वाऱ्याने जुह्यो बनतात त्याच वाऱ्याने रोपवे बंद पडतो. म्हणून हाक्कोदा शेवटच्या दिवसावर टाकू नका. पहिल्याच दिवसापासून रोज सकाळी चालू आहे का ते बघायचं आणि ज्या दिवशी उघडा त्या दिवशी बाकी सगळं सोडून वर जायचं. शहरात उणे 1 असेल तर वर उणे 9-10 आणि वारा वेगळा. स्कीइंग येत नसेल तर वरच्या इमारतीच्या नजरेच्या टप्प्यात राहा. ढग आला की दहा पावलांवरचं दिसत नाही. जानेवारी 1902 मध्ये याच डोंगरात सरावाला निघालेल्या 210 सैनिकांपैकी 199 जण दगावले, वाट चुकून आणि गोठून. ही जागा हलक्यात घेऊ नये.

कॅमेरा किंवा फोन आत आणण्याआधी प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि अर्धा तास तसाच ठेवा. नाहीतर सगळी वाफ भिंगावर जमते. बॅटरी अंगाजवळच्या खिशात.

केळफूल

गाडीचा प्रश्न राहिला. आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून मिळतो आणि जपानमध्येही डावीकडूनच चालवतात, मग अडचण काय?

रूळमार्ग

परवाना 1949 च्या जिनिव्हा कराराच्या नमुन्यातला असेल तर चालतो, आणि भाड्याच्या गाड्यांना तिकडे हिवाळी टायर लावलेलेच असतात. अडचण रस्त्याची आहे. मार्गिकांच्या रेषा बर्फाखाली जातात. रस्त्याची कड कळावी म्हणून वर खांबाला खाली रोखलेले लाल-पांढरे बाण टांगलेले असतात, नवख्याला त्यांचा अर्थच लागत नाही. कडेची गटारं झाकलेली असतात, चाक आत गेलं की संपलं. चौकात दोन मीटरचे ढीग, समोरून येणारा दिसत नाही. त्यात वाऱ्याने बर्फ उडाला की काही सेकंद पूर्ण पांढरं. बर्फात पहिल्यांदाच चालवत असाल तर माझं स्पष्ट मत: घेऊ नका.

तरी ज्यांना घ्यायचीच आहे त्यांनी एवढं पाळा. गाडी लावताना हँडब्रेक ओढू नका, तार गोठते; गिअर पी वर ठेवा. वायपर उभे करून ठेवा. आणि बर्फात अडकलात तर इंजिन चालू ठेवून आत बसू नका. धूर बाहेर टाकणारी नळी बर्फात बुडते आणि कार्बन मोनॉक्साइड आत येतो, त्याला वास नसतो. आधी इंजिन बंद, मग नळीभोवतीचा बर्फ उकरा, मग गरजेपुरतं चालू. फावडं मागच्या सीटवर ठेवा. डिकीत ठेवलं तर डिकी उघडेपर्यंत काही उपयोग नाही.

गोडलिंब

हॉटेलऐवजी घर भाड्याने घेणाऱ्यांसाठी. तिथे 'मिझुनुकी' करावं लागतं, म्हणजे रात्री नळातलं पाणी काढून टाकणं. तापमान उणे 4 च्या खाली जाणार असेल किंवा दिवसभर घर बंद राहणार असेल तर करायचंच.

मुख्य झडप पाणी बाहेर काढून टाकायच्या बाजूला पूर्ण फिरवा, अर्धवट ठेवू नका. मग घरातले सगळे नळ उघडा, गरम पाण्याचे आणि शॉवरसुद्धा. नळ उघडले नाहीत तर हवा आत येत नाही आणि पाणी नळीतच अडकून राहतं. नळ्या फुटतात त्या याच चुकीने. गुडगुड आवाज थांबला की झालं. सकाळी उलट क्रमाने: नळ जवळजवळ बंद, झडप हळूहळू उघडायची. गोठलंच तर उकळतं पाणी ओतू नका. फडका गुंडाळून त्यावर कोमट पाणी सोडत राहा.

रॉकेलवर चालणारा हीटर असेल आणि त्याची धुराची नळी भिंतीतून बाहेर जात असेल, तर ती बर्फात बुडली नाही ना हे रोज सकाळी बाहेर जाऊन बघा. गाडीच्या नळीचा धोका तोच इथे.

शेकोटी

बर्फ थांबतच नाही अशा दिवशी काय करायचं तेही सांगते.

स्टेशनला लागूनच 'वा रास्से' हे संग्रहालय. 2 ते 7 ऑगस्टला होणाऱ्या नेबुता उत्सवातले खरे रथ इथे वर्षभर उभे असतात. रुंदी 9 मीटरपर्यंत, उंची 5 मीटर, वजन चार टनांच्या घरात. जवळ जाऊन कागदाकडे बघा. तारेच्या सांगाड्यावर वाशी कागद चिकटवतात, शाईने काळ्या रेषा काढतात, मग वितळलेल्या मेणाने रेघा ओढतात आणि शेवटी रंग. मेणामुळे शेजारचे दोन रंग एकमेकांत मिसळत नाहीत, आणि आतला दिवा लागला की मेणाची जागा उजळ दिसते. माशांच्या खवल्यांवर हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. आकाशकंदील घरी करणाऱ्यांनी इथे तासभर तरी द्यावा.

पलीकडे बंदरात हाक्कोदा-मारू हे जहाज. 1988 मध्ये समुद्राखालचा सेइकान बोगदा सुरू होईपर्यंत होक्काइदोला जाणारे रेल्वेचे डबे हे जहाज पोटात घालून नेत असे. ते रूळ आणि डबे आत अजून आहेत.

सान्नाई-मारुयामा हे जोमोन काळातलं, म्हणजे हजारो वर्षांपूर्वीचं गाव, 2021 पासून जागतिक वारशाच्या यादीत. त्याच्या शेजारीच कलासंग्रहालय. दोन्हींना जोडणारी फेरीची बस आहे, आणि ती शिन-आओमोरीलाही जाते. उघड्या आवारात चालणं कठीण होतं, पण आतलं दालन पुरेसं आहे.

संध्याकाळचे बेत ठेवू नका. फेब्रुवारीच्या सुरुवातीला पाचच्या आत सूर्य मावळतो आणि तापमान लगेच खाली जातं.

केळफूल

भाषेचं काही?

निळासूर

मोठ्या स्टेशनवर इंग्रजी पाट्या आहेत. बाकी हातवारे. त्सुगारू बोली टोकियोच्या जपानी माणसालाही समजत नाही, तेव्हा धीर सोडू नका. तिथलं सगळ्यात छोटं संभाषण प्रसिद्ध आहे: "दोसा?" "युसा." कुठे? न्हाणीला. थंडीत तोंड कमी उघडावं म्हणून असं म्हणतात.

बर्फालाही त्सुगारूत सात नावं. आपण एका 'बर्फ' शब्दात सगळं भागवतो, पण हे शब्द कामाचे आहेत, कारण त्यावर त्या दिवशी कसं चालायचं ते ठरतं. पिठासारखा कोनायुकी, दाणेदार त्सुबुयुकी, कापसासारखा वातायुकी, पाणी धरलेला मिझुयुकी, घट्ट झालेला कातायुकी, जाड साखरेसारखा रवाळ झारामेयुकी, आणि गोठून दगड झालेला कोरीयुकी. मिझुयुकीच्या दिवशी गमबूट, कोरीयुकीच्या दिवशी खिळ्यांचे पट्टे.

समुद्रफेणी

सगळ्यांचे मनापासून आभार. गाडीचा विचार सोडला. असा बेत ठरवलाय: तीन रात्री शहरात, एक सुकायुला, पाचव्या दिवशी सकाळी निघून त्याच रात्री टोकियोहून मुंबईचं विमान.

रूळमार्ग

शेवटचा दिवस बदला. सुकायुहून सकाळची बस, मग लोकल, मग हायाबुसा, मग विमानतळ. चार जोडण्या, आणि पहिलीच डोंगरातल्या रस्त्यावर. सुकायु मधल्या रात्री घ्या, शेवटची रात्र टोकियोत काढा.

शेकोटी

सहमत. आणि मधल्या दिवसांत रोपवे जेव्हा उघडेल त्याच दिवशी सुकायुला मुक्काम पडला तर एकाच बसच्या फेरीत दोन्ही होतात. आरक्षण बदलता येईल असं घ्या, आणि सासूबाईंच्या जेवणाचं आरक्षणाच्या वेळीच कळवायला विसरू नका.